गेटवरचा आकडा : एका प्रेस शॉपचं प्रकरण

हे प्रकरण पुण्याच्या आसपासच्या एका एमआयडीसीतल्या कारखान्याचं आहे. मी तिथे एचआर सांभाळत होते. कंपनीचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घडलं कसं आणि कोणत्या वळणावर आम्ही काय ठरवलं, ते मात्र तसंच ठेवलं आहे. माझ्या चुकाही तशाच ठेवल्या आहेत, कारण सुरुवात त्यांच्यापासूनच होते.

पार्श्वभूमी

कारखाना टियर-टूचा. गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट, क्लॅम्प, छोटी कव्हरं प्रेसवर काढायची, वेल्डिंग करायचं आणि पुढच्या मोठ्या पुरवठादाराला द्यायची. माणसं १८०च्या घरात. त्यातली पन्नासेक पर्मनंट, बाकी ठेकेदाराची आणि ट्रेनी. बीड, परभणी, लातूर, नांदेडकडची मुलं जास्त, थोडी उत्तर प्रदेश-बिहारची. चार-पाच जणांनी मिळून एक रूम करायची, मेस लावायची, जमेल तेवढा ओटी (ओव्हरटाइम) करायचा आणि महिन्याच्या दहा तारखेला घरी पैसे पाठवायचे.

प्रेस शॉपमध्ये चौदा प्रेस होत्या. पाच न्यूमॅटिक क्लचच्या, नऊ जुन्या पिन-क्लचच्या. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो आडवा येणार आहे. प्लांट मालकांच्या घरातलेच एक जण बघत, सगळे त्यांना धाकटे साहेब म्हणत. इंजिनीअर माणूस, सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, आवाज मोठा.

तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे धोकादायक प्रक्रिया नसेल तर पूर्णवेळ सुरक्षा अधिकारी १,००० कामगारांपासून पुढे सक्तीचा होता. आमच्याएवढ्या कारखान्यात 'सेफ्टी' हा विषय आपोआप एचआरच्या गळ्यात पडतो, कॅन्टीन, बस आणि युनिफॉर्मच्या सोबतीनं. मी त्यावर फार विचार केला नाही. गेटवर एक निळा फलक लावून घेतला : 'अपघातविरहित दिवस'. खाली तीन हुक, त्यांवर पत्र्याचे आकडे. रोज सकाळी वॉचमनकाका आकडा बदलायचे. दर शंभर दिवसांना प्रत्येक विभागाला भेटवस्तू, वर्ष पुरं झालं की बक्षिसाची रक्कम. ज्या विभागात अपघात होईल त्या अख्ख्या विभागाचं बक्षीस बाद. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, पेढे आणि फोटो.

योजना गाजली. कस्टमर ऑडिटला आलेले लोक फलकापाशी थांबून मान डोलवायचे. मला त्याचा अभिमान होता हे लपवण्यात अर्थ नाही.

काय झालं

फलक ४१२वर असताना दुसऱ्या शिफ्टला ठेकेदाराकडच्या एका मुलाचं डाव्या हाताच्या तर्जनीचं पेर गेलं. वय बावीस, गाव बीड जिल्ह्यात. तो मुळात पहिल्या शिफ्टचा. माणूस कमी होता म्हणून पुढे थांबवलेला, म्हणजे कामाच्या दहाव्या की अकराव्या तासाला.

सुपरवायझरनं मशीन बंद केली, रुमाल गुंडाळला, मुलाला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि ज्या हॉस्पिटलशी कंपनीचं खातं होतं ते टाळून तिसरीकडेच एका छोट्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना सांगितलं, रूमच्या दारात बोट अडकलं. बिल अर्धं त्यानं स्वतःच्या खिशातून भरलं, अर्धं ठेकेदारानं. हजेरीपटावर दुसऱ्या दिवसापासून 'रजा'. गेटवर ४१३ लागला.

नवव्या दिवशी मुलाचे वडील गेटवर आले. धोतर, खांद्यावर पिशवी, भांडणाचा आव अजिबात नाही. त्यांना एवढंच विचारायचं होतं, पोरगा कामावर परत कधी घेणार आणि दवाखान्याची चिठ्ठी कुणाकडे द्यायची. त्यांच्या डोक्यावर, बरोबर वर, ४२१ लटकत होता.

त्या दिवशी मी विचारत सुटले तेव्हा कळलं की प्रेस शॉपला माहीत होतं, वेल्डिंगला माहीत होतं, कॅन्टीनमधल्या पोराला माहीत होतं. वॉचमनकाकांनाही माहीत होतं आणि तरी ते नेमानं आकडा वाढवत होते. "मॅडम, बोर्ड खाली आला असता तर त्या पोराला सगळ्यांनी खाल्लं असतं," ते म्हणाले. प्रेस शॉपचं वर्षाचं बक्षीस दोन महिन्यांवर आलं होतं. बोट गेलेल्या मुलानं स्वतःच सुपरवायझरला विनंती केली होती, साहेब, माझ्यामुळे सगळ्यांचं नको जायला.

पहिला निर्णय : कळवायचं की नाही

धाकटे साहेब पहिल्या तासात म्हणाले ते असं : "नऊ दिवस झाले. आता कळवलं तर उशीर का झाला ते आधी विचारतील. पोराला पैसे देऊ, नोकरी देऊ, विषय संपवू." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पैसे त्यांनी खरंच दिले असते.

कायद्याची बाजू सरळ होती. अपघातामुळे माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवणं बंधनकारक. पण साहेबांना पटलं ते दुसऱ्याच मुद्द्यानं. मुलाच्या पगारातून ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) वर्गणी कापली जात होती. विमा क्रमांक निघालेला होता, कार्ड मात्र त्याच्या हातात कधी पडलं नव्हतं. नोकरीत झालेली इजा म्हणून नोंद झाली तर उपचार ईएसआयसीकडून, घरी बसलेल्या दिवसांचा सरासरी मजुरीच्या ९० टक्के भत्ता आणि बोट गेल्याबद्दल वैद्यकीय मंडळ ठरवेल तेवढ्या टक्क्यांनी कायमचं निवृत्तिवेतन. 'दारात बोट अडकलं' या तीन शब्दांत हे सगळं बुडत होतं. आपण आज देऊ ती रक्कम संपेल, त्याचं बोट आयुष्यभर तसंच राहील, हे मी म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि "पाठवा" म्हणाले.

कळवलं. निरीक्षक आले, नोटीस निघाली, गार्डिंगबद्दल, म्हणजे हात मशीनमध्ये जाऊ नये म्हणून लावायच्या आडोशांबद्दल, मुदत देऊन लेखी सूचना झाल्या. जे व्हायला हवं तेच झालं, त्यावर जास्त लिहीत नाही.

दुसरा निर्णय : सुपरवायझरचं काय

यात आम्ही जास्त अडखळलो. साहेबांचं मत, काढून टाका. माझंही आधी तेच होतं. खोटी हजेरी, डॉक्टरांशी खोटं, यापुढे काय शिल्लक राहतं?

डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, प्रेसवर बसवणाऱ्या डाय सेटर मामांना मी सहज विचारलं. पंचवीस वर्षं त्या शॉपमध्ये काढलेला माणूस. ते डायचा बोल्ट आवळत होते, मान वर न करता म्हणाले, "काढा की. पुढच्या वेळी आम्ही दवाखाना अजून लांबचा बघू."

मी ऑफिसात येऊन योजनेची फाइल काढली. नियम माझ्या हस्ताक्षरात होते. विभागात अपघात झाला की सगळ्यांचं बक्षीस बाद. शिवाय सुपरवायझरच्या वार्षिक मूल्यमापनात 'अपघात शून्य' याला गुण, तेही मीच घातलेले. त्यानं जे केलं ते चूकच, पण त्या चुकीचं बक्षीस मी आधीच जाहीर करून ठेवलं होतं.

शेवटी ठरलं ते असं. सुपरवायझरला लपवल्याबद्दल लेखी ताकीद, नोकरी कायम. त्याच कागदाच्या बरोबरीनं व्यवस्थापनाकडून सूचनाफलकावर एक पत्र : बक्षीस योजना रद्द, ती चुकीची होती. आणि पंधरा दिवसांची मुभा. या काळात जुनं काहीही, कुणीही सांगितलं तर कुणावरही कारवाई नाही. साहेब त्या 'चुकीची होती' या शब्दांवर अडले. "'बदलण्यात येत आहे' लिहा ना." मी अडून बसले. हा एक शब्दांचा वाद मी जिंकला ते बरं झालं, कारण शॉपवर लोकांनी ते पत्र वाचलं ते तेवढ्या दोन शब्दांसाठी.

पंधरा दिवसांत अकरा जुन्या गोष्टी बाहेर आल्या. बहुतेक कापल्या-भाजल्याच्या, एक टाके पडलेली, एक पायावर डाय पडून नख गेलेलं. फलकाचा ४२१ हा आकडा मुळात कुठून मोजायचा हेच मग कुणाला सांगता येईना.

खोलात गेल्यावर

बोट गेलं त्या प्रेसला दोन हातांची बटनं होती. दोन्ही हात बटनांवर असले की हात डायमध्ये जाऊच शकत नाही, अशी साधी योजना. मी मामांना घेऊन प्रेसपाशी गेले. डावीकडचं हिरवं बटन काळ्या इन्सुलेशन टेपनं दाबून ठेवलेलं. टेप नवी नव्हती. कडा मळून गुळगुळीत झालेल्या, वरून तेलाचा थर. मी त्या प्रेससमोरून दिवसातून चार वेळा जात असे. खंडेनवमीला त्याच प्रेसला मी स्वतः हळद-कुंकू लावून झेंडूचा हार घातला होता, आणि टेप तेव्हाही होती.

टेप का? मामांनी हिशेब सांगितला, मी नंतर घड्याळ लावून बघितला. चहा-जेवण वजा जाता शिफ्टमध्ये हातात सात तास. टार्गेट २,८०० नग, म्हणजे एका नगाला नऊ सेकंद. दोन्ही बटनं दाबून काम केलं तर एक नग अकरा सेकंदांत निघतो, म्हणजे शिफ्टला २,२९०च्या आसपास. टार्गेट ठरवताना ज्या ऑपरेटरवर वेळ मोजली होती, त्यानंच टेप लावलेली होती आणि मोजणाऱ्या इंजिनीअरला ती दिसली नव्हती, किंवा दिसून चालली होती. त्या दिवसापासून टेप ही कागदावर नसलेली पण टार्गेटमध्ये धरलेली गोष्ट झाली. नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला टेप कशी लावायची ते दाखवलं जाई, मायेनं, कारण टार्गेट चुकलं तर दुसऱ्या सकाळी त्याच्या सुपरवायझरची 'आरती' व्हायची.

आरती म्हणजे सकाळची साडेआठची मीटिंग. उत्पादनाच्या बोर्डापुढे सगळे सुपरवायझर उभे, साहेब एकेक आकडा वाचणार, "का कमी?" असं विचारणार. उत्तर अर्धं झालं की आवाज चढणार. "आज कुणाची आरती?" हा सुपरवायझरांचा रोजचा विनोद होता. त्याचा परिणाम म्हणजे डाय खराब होत चालली आहे हे कुणी आधी सांगतच नसे. सांगितलं तर आज ओरडा, न सांगता चालली तर कदाचित पुढच्या शिफ्टच्या डोक्यावर. डाय फुटली की मग चार तास लाइन बंद, आणि तेव्हा ओरडा वाटून जायचा.

म्हणजे बोट, टेप, टार्गेट, आरती आणि माझा फलक ही एकाच दोरीची गाठ होती. कामाच्या ठिकाणची संस्कृती म्हणून आपण जे बोलतो ते आमच्याकडे भिंतीवरच्या 'आमची मूल्ये' या फ्रेममध्ये नव्हतंच. वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसाला पहिलं वाक्य काय ऐकू येतं, तिथे होतं ते.

समोर असलेले पर्याय

एका सल्लागार संस्थेनं प्रस्ताव दिला होता : कर्मचारी समाधानाचं सर्वेक्षण, दोन दिवसांची कार्यशाळा रिसॉर्टवर, महिन्याला योगवर्ग, वाढदिवसांचे केक. खर्चही परवडण्यासारखा. मी नाही म्हटलं. योगाला माझा विरोध नाही, पण अकरा तास उभ्या असलेल्या मुलाला बाराव्या तासाला ताडासन शिकवायचं मला धाडस झालं नाही.

दुसरा पर्याय कडकपणाचा. कॅमेरे, टेप दिसली की दंड. साहेबांना हा आवडला होता. पण टार्गेट तेच ठेवून टेप बंद केली असती तर लोकांनी टेपऐवजी लाकडाची पाचर मारली असती आणि कॅमेऱ्याकडे पाठ केली असती.

तिसरा, तांत्रिक उपाय करून मोकळं व्हायचं : सगळ्या प्रेसना लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की मशीन थांबवायचा सिग्नल देणारा किरणांचा पडदा. ऐकायला उत्तम. इथे तो पिन-क्लच आडवा आला. पिन-क्लचच्या प्रेसला एकदा पेडल मारलं की फेरा पुरा होईपर्यंत रॅम, म्हणजे वरून खाली येणारा भाग, थांबत नाही. हात आत गेला, किरण तुटला, कर्टननं सिग्नल दिला, तरी रॅम खाली येतोच. म्हणजे नऊ प्रेसवर लाइट कर्टन लावणं हा ऑडिटला दाखवायचा दागिना झाला असता, आणि त्याच्या भरवशावर हात जास्तच आत गेले असते. हे आम्हाला विक्रेत्यानं सांगितलं नाही. मेंटेनन्सच्या फोरमननं सांगितलं, तेही तीन बैठकांनंतर, कारण पहिल्या दोन बैठकांत त्याला कुणी विचारलं नव्हतं.

चौथा पर्याय म्हणजे टार्गेट, मीटिंग आणि मशीन तिन्हीला एकदम हात घालायचा. यात उत्पादन काही दिवस खाली जाणार हे उघड होतं आणि पुढच्या पुरवठादाराची लाइन थांबली तर दंड आमच्या माथी. धाकट्या साहेबांनी थोरल्यांशी बोलून तीन महिन्यांची मुदत घेतली. तेवढ्या भांडवलावर आम्ही निघालो.

काय केलं

मशीनचं आधी. पाच न्यूमॅटिक प्रेसवर दोन हातांच्या बटनांसाठी सेफ्टी रिले बसवला. दोन्ही बटनं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर सोडली तरच प्रेस पुढे चालते, टेपचा उपयोगच संपतो. त्याच पाचांना लाइट कर्टन. पिन-क्लचच्या नऊपैकी दोन भंगारात काढल्या, सातांना जाळीचे पक्के गार्ड, पत्रा सरकवायला खाच, नग उचलायला चुंबकाची काठी. काठ्या मामांनी स्वतः बनवल्या. विकत आणलेल्या काठ्या लोकांना लांब वाटत होत्या.

टार्गेट नव्यानं मोजलं, या वेळी ऑपरेटर आणि मामा शेजारी उभे राहून. बऱ्याच नगांचं टार्गेट कमी झालं, दोनाचं वाढलं. ही दोन वाढली म्हणून बाकीच्यांवर लोकांचा विश्वास बसला असं मला आजही वाटतं.

ओटीचा प्रश्न किचकट निघाला. दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८, त्यापुढच्या तासांना दुप्पट मजुरी, असं तो कारखाने अधिनियम सांगत होता. आमच्या ठेकेदाराच्या मुलांना ओटी मिळत होता एकेरी दरानं. तो दुप्पट केला आणि तासांवर मर्यादा आणली. मला वाटलं लोक खूश होतील. पहिल्याच महिन्यात सहा मुलं सोडून गेली, शेजारच्या प्लॉटवर, जिथे बारा तास मिळत होते. एक जण स्पष्ट म्हणाला, "मॅडम, तुम्ही बोट वाचवताय, माझा हप्ता कोण भरणार?" त्याच्या बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं. माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. आम्ही कसबी ऑपरेटरांचा मूळ दर थोडा वाढवला. तो पुरेसा नव्हता.

सकाळची मीटिंग बदलायला सगळ्यात वेळ लागला, आणि खर्च मात्र शून्य. नियम केला की पहिला प्रश्न 'किती कमी?' नाही, 'काल काय अडलं?' आणि पहिली दहा मिनिटं साहेबांनी बोलायचं नाही. दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी एका सुपरवायझरनं सांगितलं की डायला चीर दिसते आहे, आणि साहेब जुन्या आवाजात सुटले. शॉप परत गप्प. मला वाटलं, संपलं. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि त्यांनी ती मागितलीही नाही. पण दुपारी ते स्वतः टूलरूममध्ये जाऊन बसले, ती डाय बाहेर काढून घेतली, संध्याकाळपर्यंत दुरुस्त करवून त्याच सुपरवायझरला फोन केला, "तुझी डाय झाली, बघून घे." लोकांनी त्यातून जे घ्यायचं ते घेतलं. दुसऱ्या सकाळी आणखी एका डायची तक्रार आली.

आणि लाल रुमाल. टोयोटाच्या लाइनवर कामगार दोरी ओढून काम थांबवू शकतो हे साहेबांनी कधीतरी प्रशिक्षणात ऐकलं होतं. आमच्याकडे प्रत्येक प्रेसला एक लाल रुमाल बांधला : काही खटकलं तर खांबाला टांगायचा आणि थांबायचं. तीन आठवडे एकही रुमाल हलला नाही. मग एका ट्रेनी मुलीनं टांगला. इन्स्पेक्शनला होती, नगाला बर (कडेला राहणारी धारदार कोर) जास्त येतोय म्हणून तिनं ऑपरेटरला सांगितलं, त्यानं दुर्लक्ष केलं, तिनं उठून रुमाल लावला. चाळीस मिनिटं प्रेस बंद, गाडी उशिरा सुटली. साहेब तरातरा आले. "कुणी..." म्हणाले आणि थांबले. मी श्वास रोखून उभी. मग म्हणाले, "कशासाठी थांबवलीय?" मुलीनं नग दाखवला. पत्रा कापणारा पंच बोथट झाला होता.

त्या एका शब्दाच्या बदलाला आम्हाला अडीच महिने लागले होते.

कुठे फसलं

सूचनापेटी लावली होती. महिनाभरात तीत एक माव्याची पुडी, एक कोरा कागद आणि एक चिठ्ठी निघाली : लेडीज संडासाची कडी तुटली आहे, दुसऱ्या शिफ्टला पाणी नसतं. कडी एका तासात लावली, पाण्याला दोन दिवस लागले. ज्या बायका माझ्याशी 'नमस्ते मॅडम'च्या पुढे कधी बोलल्या नव्हत्या त्या त्यानंतर बोलू लागल्या. त्यातून एक अवघड गोष्ट लक्षात आली : कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे असलेली आमची अंतर्गत समिती फक्त कागदावर होती, तिच्या सदस्यांची नावं कुणालाच माहीत नव्हती. ते दुरुस्त केलं. पण सव्वा वर्ष तिथे असून मी त्या बाजूचा संडास एकदाही दुसऱ्या शिफ्टला बघितला नव्हता, हे खरं.

सगळ्यात मोठी चूक ठेकेदाराच्या माणसांची. पहिले दोन महिने सगळ्या बैठका पर्मनंट लोकांबरोबर घेतल्या. कारण कायदेशीर वाटत होतं : ठेकेदाराच्या माणसांशी थेट बोललं तर ती आमची माणसं आहेत असा दावा होईल अशी धास्ती. गेलेलं बोट पर्मनंट माणसाचं नव्हतं. प्रेसवर उभी असलेली बहुतेक माणसं बैठकीत नव्हती. नंतर ठेकेदाराला सोबत घेऊन त्यांच्याही बैठका सुरू केल्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत. 'थोडक्यात वाचलो' असं सांगायचा फॉर्म इंग्रजीत होता. तो काढून चित्रांचा केला : हात, पाय, डोळा, त्यावर फुली मारायची.

परिणाम

पहिल्या सहा महिन्यांत कागदावरचे अपघात वाढले. बारीक कापणं, भाजणं, 'थोडक्यात वाचलो'च्या नोंदी, सगळंच. थोरल्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, एवढं करून आकडे वाईट कसे झाले? तेव्हा मी त्यांना एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेचं १९९०च्या दशकातलं काम सांगितलं. रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजताना चांगल्या चाललेल्या गटांत चुका कमी असतील असं त्यांना वाटलं होतं, नोंदी निघाल्या उलट. ते गट चुका जास्त करत नव्हते, त्या उघडपणे बोलत होते. थोरले साहेब म्हणाले, "म्हणजे आधी आपण आंधळे होतो." मी हो म्हटलं.

वर्षभरात प्रेसवर अवयव गमावण्याची घटना झाली नाही. हे यश म्हणून छातीठोकपणे सांगायला मी कचरते, एक वर्ष हा फार छोटा काळ आहे आणि दोन जुन्या प्रेस भंगारात गेल्याचाही त्यात वाटा असणार. डाय फुटून लाइन बंद पडणं स्पष्टपणे कमी झालं, कारण चिरेवर बातमी येऊ लागली. पर्मनंट लोकांत सोडून जाणं थांबल्यासारखं झालं. ट्रेनी आणि ठेकेदाराच्या मुलांत काही फरक पडला नाही. ती दोन रुपये जास्त मिळाले की जातात, आणि का जाऊ नयेत?

सुपरवायझर राहिला. तो आता नव्या मुलांना पहिल्या दिवशी स्वतः प्रेस दाखवतो. दवाखान्याचा विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही.

बोट गेलेला मुलगा चार महिन्यांनी स्टोअरला रुजू झाला. भत्ता मिळाला, वैद्यकीय मंडळाची तारीख मिळायला मात्र बरेच महिने गेले. आठ महिने त्यानं स्टोअर सांभाळलं, मग गावी गेला. जाताना मी त्याला विचारलं, आता शॉपमध्ये बरं वाटतं का? तो म्हणाला, "बरं आहे मॅडम. आधी केलं असतं तर अजून बरं." त्याच्या लेखी हे संस्कृतीचं प्रकरण नाहीच, बोटाचं आहे.

पुन्हा करायचं झालं तर

फलक लावलाच नसता. किंवा लावला असता तर त्यावर अपघात नसलेल्या दिवसांऐवजी या महिन्यात किती धोके सांगितले गेले आणि त्यातले किती दुरुस्त झाले ते लिहिलं असतं. पहिला आकडा वाढला तर आनंद, दुसरा मागे पडला तर जाब आम्हाला.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या शिफ्टला जाऊन बसले असते. दिवसा दिसतो तो कारखाना साहेबांना दाखवायचा असतो. टार्गेट ठरवणाऱ्या कागदावर सही करण्याआधी मशीन कशा अवस्थेत मोजली ते विचारलं असतं. हे एचआरचं काम नाही असं मला शिकवलं गेलं होतं. पगार, हजेरी, ओरडा आणि बोट या चारही गोष्टी त्या कागदातून निघत होत्या.

ओटी कमी करण्याआधी मूळ दर वाढवला असता, नंतर नाही. ती सहा मुलं कदाचित तरीही गेली असती, पण आमच्यामुळे गेली नसती.

आणि मुलाच्या वडिलांना गेटवर यावं लागायला नको होतं. अपघाताचं मला नवव्या दिवशी कळलं ही त्यांची चूक नव्हती.

एक गोष्ट आजही तशीच आहे. कस्टमरच्या पुरवठादार मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो : मागील अपघातापासून झालेले दिवस. जास्त दिवस, जास्त गुण. आम्ही खरा आकडा लिहिला आणि त्या वर्षी आमची श्रेणी एका पायरीनं घसरली. पुरवठादारांच्या बैठकीत मी हात वर करून विचारलं, की हा रकाना बदलता येईल का. खरेदी विभागाचे साहेब सौजन्यानं म्हणाले, फॉर्म वरून येतो. बैठक संपल्यावर चहाच्या टेबलापाशी दुसऱ्या एका कारखान्याचे एचआरवाले माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुम्ही खरंच खरा लिहिलात?"